मोगीबाईच्या पोरीचा रोल

दादा,

तू गेल्याला आज सोळा दिवस झाले. तेराव्याला शहाद्यातले, नंदुरबारचे, सारंगखेड्याचे इतके लोक आले आणि तुझ्याबद्दल इतकं चांगलं बोलले, की मी मधूनच उठले आणि मागच्या दारी जाऊन बसले. कुणी म्हणालं, अख्ख्या जिल्ह्यात फिल्मवर फोटो काढणारा हा शेवटचा माणूस. कुणी म्हणालं, मुदत संपलेल्या रोलमधून यानं जीव काढून दाखवला. वहिनी पदर तोंडाला लावून ऐकत होती. माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. बायका एकमेकींना हळूच म्हणाल्या, बहिणीला धक्का बसलाय. धक्का नव्हता रे. राग होता. मेलेल्या माणसावर चारचौघांत रागावता येत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

तू गेलास तोही असा, की भांडायला जागाच ठेवली नाहीस. दुपारी जेवून आडवा झालास आणि चहाला उठला नाहीस. वहिनी सांगते, तुझा चष्मा कपाळावर तसाच होता. मी पोचले तेव्हा तुला ओसरीवर घेतलं होतं. तुझ्या बोटांच्या पेरांवर फोटो धुण्याच्या औषधांचे तपकिरी डाग होते, ते काही केल्या निघत नसत. मी तुझा हात हातात घेतला आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? आता विचारायचं कुणाला? हाच. सात वर्षं मी तुला एकच प्रश्न विचारत होते.

आधी चांगलं लिहिते. ते खोटं नाही.

मी नर्सचं शिक्षण संपवून धडगावच्या वर, दोन डोंगर ओलांडून असलेल्या उपकेंद्रावर रुजू व्हायला निघाले, तेव्हा ब्राह्मणपुरीच्या आपल्या घरातलं कुणीच बरोबर यायला तयार नव्हतं. पोरीची जात, एकटी, तिकडं लाइट नाही, बोली कळत नाही. तू शहाद्यातल्या आपल्या फोटो स्टुडिओला कुलूप लावलंस आणि माझी ट्रंक डोक्यावर घेऊन शेवटचे चार किलोमीटर चाललास. तीन दिवस उपकेंद्राच्या ओट्यावर झोपलास. चौथ्या दिवशी म्हणालास, "कमे, आते तुले भ्या वाटाव नही. माणसं चांगली शेत." तू म्हणालास म्हणून मला खरं वाटलं. मी तिथं एकवीस वर्षं काढली. तिथली पावरी बोली शिकले. त्या डोंगरातल्या निम्म्या पोरांच्या नाळा मी कापल्या आहेत.

आणि ते खोकंही मला आठवतं. सुरतेला एक जुनी फोटो लॅब बंद झाली आणि तिथला माल उचलायला तू गेलास. नंदुरबारपर्यंत रेल्वेनं आणि पुढं एसटीनं, ते खोकं मांडीवर घेऊन आलास. आत काळ्यापांढऱ्या फिल्मचे ऐंशीएक रोल. प्रत्येक डबीवर मुदतीची तारीख, सगळ्यांची नऊ-दहा वर्षांपूर्वीच उलटलेली. वहिनीनं कपाळावर हात मारला. तू मात्र शाळकरी मुलासारखा खूश होतास. तोवर स्टुडिओत पासपोर्ट फोटो आणि आधारच्या झेरॉक्सशिवाय काही उरलं नव्हतं. लग्नं डिजिटल कॅमेऱ्यावर जात होती. वडिलांच्या वेळचा तो दोन भिंगांचा कॅमेरा, पोटाशी धरून वरून आत बघायचा, कपाटात पडून होता. त्याला पुन्हा काम मिळणार होतं.

तू मला समजावलंस. फिल्म जुनी झाली की तिची नजर मंद होते, म्हणून दर दहा वर्षांमागे दुप्पट उजेड द्यायचा. वयानं तिच्यावर आपोआप एक करडा थर चढतो, त्याला तुम्ही लोक धुकं म्हणता. शंभराची, म्हणजे डबीवर शंभर आकडा असलेली फिल्म संथ, तिला ऊन लागतं, पण ती टिकते. चारशेची फिल्म सावलीतही चालते, पण तीच आधी बिघडते. थंडीत ठेवली की बिघडणं थांबतं.

थंडीत ठेवणं मात्र तू माझ्याकडून शिकलास. लसी सांभाळणं हे माझं रोजचं काम. वहिनीच्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी रोल ठेवले म्हणून घरात भांडण झालं, तेव्हा मीच म्हटलं, वेगळा फ्रिज घे. तू जुना घेतलास, स्टुडिओच्या मागच्या खोलीत ठेवलास. रोल पिशव्यांत हवाबंद करायला मी शिकवलं. बाहेर काढल्यावर लगेच पिशवी फोडायची नाही, आतून घाम सुटतो, हे मी सांगितलं. लाइट गेले तर बर्फाच्या पट्ट्या कशा रचायच्या, तेही. तू माझ्यासारखा तक्ता करून दारावर लावलास आणि सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायला लागलास. मला किती बरं वाटलं होतं! घरात पहिल्यांदा कुणी माझं काम काम म्हणून घेतलं होतं.

त्या पहिल्या हिवाळ्यात तू शंभराचे दोन रोल घेऊन सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गेलास. तो फोटो अजून माझ्या खोलीत आहे. नुकतीच विकली गेलेली घोडी आणि तिच्या मानेला गाल लावून उभा असलेला म्हातारा. त्यात कुठं धुकं नाही. घोडीच्या मानेवरची शीर मोजता येते. मी म्हटलं, दादा, हे तू काढलंस? तू लाजलास. पन्नाशीला आलेला माणूस लाजला.

म्हणून मी तुला वर नेलं.

तू कितीदा मागे लागला होतास. मी टाळत होते, कारण वरच्या पाड्यांत फोटो काढणारे खूप येऊन जातात आणि परत एकही येत नाही. शेवटी मी होकार दिला. दिवाळी झाली होती. आठेक दिवसांत मुकादमाची गाडी येणार होती आणि निम्मा पाडा गुजरातेत ऊसतोडीला जाणार होता. त्याआधी लसीकरण उरकायचं, म्हणून मी अंगणवाडीत बसले होते. मी सगळ्यांना सांगितलं, हा माझा भाऊ आहे. फोटो काढेल आणि आणूनही देईल. माझ्या भरवशावर लोक घरी जाऊन आवरून आले.

आभाळ भरून आलं होतं. तू शंभराचा रोल परत पिशवीत टाकलास आणि चारशेचा भरलास. त्या खोक्यातला चारशेचा एकही रोल तोवर तू धुऊन पाहिला नव्हतास, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. डिजिटल कॅमेरा तू मुद्दाम घरी ठेवून आला होतास. म्हणालास, तो बरोबर असला की हात त्याच्याकडेच जातो.

बारा फोटो. अकरा झाले आणि तू मोगीबाईला बोलावलंस. मोगीबाई माझ्या उपकेंद्राच्या खालच्या घरात राहायची. नवरा नव्हता, एक पोरगी होती, सुमी, एकोणीस-वीस वर्षांची. मोगीबाई म्हणाली, माझा कशाला, पोरीचा काढा, आणि मागं गर्दीत सरकली. सुमी अंगणवाडीच्या भिंतीशी उभी राहिली. तू कॅमेरा पोटाशी धरलास, मान खाली घातलीस, खालचा ओठ दातांत पकडलास. लहानपणी पतंगाला कणी बांधताना धरायचास तसाच. भोवती सगळा पाडा उभा, आणि कुणी श्वास घेत नव्हतं. खटका पडला.

सुमीनं मला विचारलं, "फोटो कधी देणार?"

तू म्हणालास, "भोंगऱ्याच्या बाजाराला. होळीला तुम्ही परत याल ना, तेव्हा."

मी ते पावरीत सांगितलं. शब्द तुझा होता दादा, पण गेला माझ्या तोंडून.

सुमी परत आली नाही. पौषात तिकडं फडावरच ताप आला. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. तिकडंच सगळं उरकलं आणि मोगीबाई होळीच्या आधी एकटी परतली. ती माझ्याकडं आली तेव्हा मी गोळ्यांच्या डब्यांवरच्या तारखा बघून जुन्या गोळ्या वेगळ्या काढत होते. ती खाली बसली. तिच्या हातात सुमीचं आधार कार्ड होतं. त्यावरच्या चौकोनात दचकलेल्या डोळ्यांचं कुणीतरी होतं. मोगीबाई म्हणाली, "ही ती नाही. तुमच्या भावानं काढलेला द्या."

दुसऱ्या दिवशी मी शहाद्याला आले. तू काउंटरवर पासपोर्ट फोटो कापत होतास. मी उभ्या उभ्या सांगितलं. तुझ्या हातातली कात्री थांबली. मग म्हणालास, रोल अजून धुतला नाही.

"चार महिने काय करी ऱ्हायना व्हता तू?"

"कमे, जुनी फिलम शे. घाई करी तर धुकं येई जाई. एक पावडर मागाडेल शे मुंबईथून, ती टाकी ना, मंग धुवसू. फिलम मरेल नही शे. थंडीमा झोपेल शे."

मी विश्वास ठेवला. लसीचं तसंच असतं ना, थंडीत ठेवली की थांबते. मी वर जाऊन मोगीबाईला तेच सांगितलं. थोडं थांब. फोटो झोपलाय, उठेल. दादा, मी तिला हे असं, या शब्दांत सांगितलं.

पुढं तुझी पावडर आली नाही. मग आली, तर पाणी गरम होतं, उन्हाळा सरू दे. मग म्हणालास, आधी तसल्याच दुसऱ्या रोलवर करून बघतो. मग म्हणालास, डोळ्याचं ऑपरेशन झालं की. मी येईन तेव्हा तुझ्याकडं नवीन कारण तयार. तिसऱ्या वर्षी मी सगळ्यांदेखत तोंड सोडलं. म्हटलं, लसीच्या बाटलीवर एक चौकोन असतो, गरमीनं तो काळा पडत जातो. काळा पडला की बाटली फेकायची, मग वर कितीही बर्फ घाला, ती सुधरत नाही. तुझ्या खोक्यानं सुरतेला पत्र्याखाली किती उन्हाळे काढले, तुला माहीत आहे? आणि बागायतदारांच्या लग्नाला नवा कॅमेरा, नवं कार्ड, एकाऐवजी दोन फ्लॅश. डोंगरातल्या माणसाला मुदत संपलेला रोल. मी इतक्या वर्षांत मुदत संपलेली एक गोळी त्यांना दिली नाही. तू माझ्या हातून ती द्यायला लावलीस.

तू एवढंच म्हणालास, "तू दवाखानानी बाई. तुले फोटोमधलं काय समजस?"

त्यानंतर मी भाऊबीजेला यायचं बंद केलं. फोनवर सांगितलं, "आधी तो रोल धो. मंग मी येसू." पहिल्या दोन वर्षी तू फोन केलास. मग दोन वर्षांपूर्वी, माझी बदली खाली झाली त्या दिवाळीला, तू स्वतःच माझ्या घरी आलास. पायरीवर बसलास. मी चहा दिला, ओवाळलं नाही. कप रिकामा झाला तरी तू तो हातातच धरून बसला होतास.

"कमे, एक गोठ सांगानी व्हती."

"रोल धुया का?"

"नही, पन..."

"मंग काही सांगू नको."

तू कप पायरीवर ठेवलास आणि गेलास. पाठमोरा गेलास ते मी खिडकीतून पाहिलं. हे आता माझ्या वाट्याचं आहे, ते मी तुझ्यावर ढकलत नाही.

मोगीबाई दर भोंगऱ्याला विचारायची. मी दर वर्षी नवीन काहीतरी सांगायची. पाचव्या वर्षी ती बाजारात भेटली, माझ्या हातात डाळ्या-गूळ ठेवला, इकडचं तिकडचं बोलली आणि गेली. विचारलंच नाही. विचारायची तोपर्यंत बरं होतं रे.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनीनं किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाली, ताई, मागची खोली तुम्हीच बघा, माझ्यानं होत नाही. मी तो रोल शोधायला गेले. म्हटलं आता नाशिकला, मुंबईला, कुठं कुणी धुऊन देत असेल तिथं पाठवीन. फ्रिजचं दार उघडलं. तक्त्यावर तुझ्या जाण्याच्या दिवशीचं सकाळचं तापमान लिहिलेलं होतं. आत सगळं ओळीनं लावलेलं. मी एकेक पिशवी काढून टेबलावर मांडली. चारशेचे रोल एका डब्यात, वर तुझ्या अक्षरात लिहिलेलं, "खराब. वापरू नये." आणि शंभराचे अकरा रोल. न वापरलेले. ज्यावर तो म्हातारा आणि ती घोडी आली होती, तसले. हे अकरा तू कुणासाठी राखून ठेवले होतेस दादा? कुणाचं तोंड त्यांच्या लायकीचं होतं?

सुमीचा रोल त्यात नव्हता. तो मला फोटो मोठा करायच्या यंत्राखालच्या खणात सापडला. धुतलेला. नेगेटिव्हच्या चार पट्ट्या कागदी पाकिटात, आणि पाकिटावर तारीख. मी ती तीनदा वाचली. मग माझी जुनी डायरी काढून लसीकरणाचा दिवस बघितला. तू वरून परत आल्यावर तिसऱ्या दिवशीच रोल धुतला होतास.

तिसऱ्या दिवशी. मी पट्टी उजेडात धरली. काळी, चहाच्या गाळासारखी, शेवटपर्यंत. डाव्या कोपऱ्यात भिंतीची कड असावी असं वाटतं, इतकंच. म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं. आणि मुकादमाची गाडी आली आठव्या दिवशी. मध्ये पाच दिवस होते दादा. सुमी अजून वरच होती, जिवंत होती, सामान बांधत होती. तू एक फोन केला असतास, "कमे, फोटो बिघडले", तर मी माझ्या मोबाईलवर काढला असता. वाकडातिकडा, कसाही. तुला शरम वाटली. एवढंच झालं ना? फोटो बिघडला हे सांगायची शरम. ती मेल्यावर मग ते सांगणं आणखी अवघड झालं, आणि दर वर्षी थोडं थोडं आणखी.

त्याच खणात खाली एक चपटा डबा होता. त्यात सदतीस फोटो, सगळे त्या एकाच चौकटीचे. प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलनं लिहिलेलं, कुठला कागद, किती सेकंद, कुठला महिना. पहिला पौषातला, मी तुला बातमी सांगण्याच्याही आधीचा. शेवटचा गेल्या महिन्यातला. सात वर्षं तू त्या काळ्या पट्टीतून तिला बाहेर काढत होतास. पहिले नुसते करडे. मग हळूहळू भिंत येते. मग भिंतीपुढं एक उभा डाग. शेवटच्या चार-पाचांत तो डाग माणूस आहे एवढं कळतं. खांदा कळतो. तोंडाच्या जागी काही नाही.

मी त्या खोलीत फरशीवर बसले आणि तेव्हा रडले. तुझ्यासाठी रडले की तुझ्यावर चिडून, ते मला अजून सांगता येत नाही. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, दमा, त्या खोलीत वारा नाही, आणि तू सदतीस वेळा औषधांवर वाकून उभा राहिलास. इतके कष्ट तू केलेस. दोन शब्द बोलायचं टाळायला इतके कष्ट!

काल मी वर गेले. सर्वांत स्पष्ट आलेला फोटो वहीच्या पुठ्ठ्यात घालून नेला. धडगावपर्यंत एसटी, पुढं जीप. मोगीबाईच्या अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती आणि ती काठीनं ती पसरत होती. थकली आहे. मला बघून तिनं खाट टाकली, पाणी दिलं. तिला तुझी बातमी कळली होती. तिनं विचारलं, त्रास झाला का? मी म्हटलं, नाही, झोपेत गेला. ती म्हणाली, बरं झालं.

मग मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. फोटो तिसऱ्या दिवशीच बिघडला होता, तुला माहीत होतं, मला माहीत नव्हतं, मी तिला जे सांगत आले ते खोटं होतं. आणि फोटो तिच्या हातात दिला.

तिनं तो जवळ धरला, लांब धरला, उन्हाकडं वळवला. खूप वेळ बघितला. वाटलं, आईला दिसेल काहीतरी. खांद्यावरून ओळखेल. तिनं तो परत माझ्या हातात ठेवला.

"यात कोणी नाही," ती म्हणाली.

मग मोहाची फुलं चाळत चाळत म्हणाली, "मी गेले होते एकदा. शहाद्याला. तुम्हाला नाही सांगितलं. चौथं वर्ष होतं. दुकानात बाई होती, म्हणाली नंदुरबारला गेलेत. मागं पडदा होता. पडद्याखाली त्याचे पाय दिसत होते."

मी फोटो परत पुठ्ठ्यात घातला.

"मी बाकावर बसले. शेवटची गाडी पाचची. तोवर बसले. म्हटलं येईल बाहेर. मला फोटो नको होता तेव्हा. नाही म्हणाला असता तरी चाललं असतं. कोणी तरी नाही म्हणायला पाहिजे होतं ना?"

दादा, तू पडद्यामागं उभा होतास. तीन-चार तास उभा होतास. वहिनीनं मला हे कधी सांगितलं नाही, आणि मी तिला विचारणारही नाही. पण तिथं उभं राहून तुला काय वाटत होतं, हे मी आता कुणाला विचारू? ती काही तुझ्यावर धावून आली नसती. उठून गेली असती, एवढंच. तीसुद्धा थकली होती वाट बघून.

मी निघायला उठले तर तिनं माझा हात धरला. म्हणाली, "बस. तू होतीस ना तिथं? मी मागं होते, गर्दीत, मला नीट दिसलं नाही. तू पुढं होतीस. सांग ना, कशी उभी होती? ओढणी कुठली होती? हसली होती का?"

मी खाटेवर परत बसले. डोळे मिटले. अंगणवाडीची भिंत आठवली. भरलेलं आभाळ आठवलं. खटका ऐकू आला. तुझी खाली घातलेली मान, दातांत धरलेला ओठ, कपाळावरचा चष्मा, कॅमेऱ्याभोवतीची ती दहा बोटं, एकेक पेर, एकेक डाग दिसला. आणि केवढा अभिमान वाटत होता मला तेव्हा, तोही तसाच्या तसा आठवला.

मोगीबाई वाट बघत होती.

मी तिच्या पोरीकडं बघतच नव्हते रे दादा. मी तुझ्याकडं बघत होते.

तुझी,
कमल